कावेरीतल्या खडकांवरची बिऱ्हाडं

फेब्रुवारी संपत आला की श्रीरंगपट्टणजवळ कावेरीचं पाणी उतरू लागतं आणि पात्रातले गोलसर, गुळगुळीत खडक एकेक करून डोकं वर काढतात. नावाडी वल्हं थांबवतो. बोट एका खडकापाशी तरंगत राहते. खडकावर काहीच दिसत नाही. थोड्या वेळानं त्या खडकाचाच एक करडा तुकडा डोळा उघडतो. डोळा चांगला मोठा आणि पिवळाजर्द असतो. हा मोठा करवानक. त्याच्या पोटाखाली ठिपक्याठिपक्यांची अंडी असतात. घरटं म्हणावं असं काहीच नसतं. काडी नाही, पान नाही, थेट उघड्या दगडावरचा संसार. आणि पलीकडच्याच खडकावर आठ-नऊ फुटांची मगर जबडा पसरून उन्हात पडलेली असते. तो जबडा कोणाला भिववण्यासाठी नसतो. तोंड उघडं ठेवून मगर डोक्याकडची उष्णता कमी करते, असं अभ्यासक सांगतात.

हे रंगनतिट्टू पक्षी अभयारण्य. म्हैसूरहून अर्ध्या-पाऊण तासाच्या रस्त्यावर, मंड्या जिल्ह्यात. ‘तिट्टू’ म्हणजे कन्नडमध्ये उंचवटा. नदीच्या पात्रातल्या मूठभर बेटांचं हे मूळ अभयारण्य एक चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही. मात्र २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

गंमत अशी, की ही बेटं निव्वळ निसर्गाची करणी नाहीत. म्हैसूरचा राजा कंठीरव नरसराज वोडेयर यानं १६४५ ते १६४८ या काळात कावेरीवर बंधारा घातला. पाणी पसरलं, पात्रातले उंचवटे वेढले गेले आणि बेटं तयार झाली. पक्ष्यांनी ती कधी ताब्यात घेतली याची नोंद कोणी ठेवलेली नाही. १९४० च्या सुमारास म्हैसूर संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी करणाऱ्या मुंबईच्या सालिम अलींना ही वीण-वसाहत दिसली. त्यांनी महाराजांना गळ घातली आणि १९४० मध्ये या जागेला संरक्षण मिळालं. शेतीसाठी अडवलेल्या पाण्याचा असा दुसरा उपयोग तीनशे वर्षांनी कागदावर आला.

खडकांची गोष्ट त्याहून कितीतरी जुनी. महाराष्ट्रातल्या वाचकाला नदीचा खडक म्हटलं की काळा बेसॉल्ट आठवतो. त्याचं वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. कावेरीच्या या भागातला पट्टेदार नाइस खडक अडीच-तीन अब्ज वर्षांचा आहे. बेसॉल्ट त्याच्यापुढे अगदीच पोरसवदा. हा खडक झिजताना गोल होत जातो, भेगांवर फुटतो आणि मोठमोठ्या गोट्यांच्या राशी मागे ठेवतो. पाण्यातून वर आलेला गोल माथा, खाली कपार आणि दोन दगडांमधल्या फटीत साठलेली मूठभर माती, एवढ्यावर इथलं सगळं उभं आहे.

या जागेकडे उंचीच्या हिशेबानं पाहिलं तर ती लवकर समजते. पाण्यालगतच्या भेगांमध्ये तग धरायची तर झाडाला पूर सोसता आला पाहिजे. आपल्याकडे शेरणी म्हणतात ते झुडूप अशा खडकाळ नद्यांमधलं मुरलेलं गडी. पानं अरुंद, फांद्या लवचीक, मुळं फटीत घट्ट. पुरात ते आडवं होतं, दिवसेंदिवस पाण्याखाली राहतं आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा उभं राहतं. त्याच्या वर बेटांच्या काठांवर लव्हाळी, वेत-बोरूसारखं उंच गवत आणि केवड्याच्या काटेरी जाळ्या. त्याहून वर बांबूची बेटं आणि अर्जुन. कन्नडमध्ये अर्जुनाला ‘होळेमत्ती’ म्हणतात, म्हणजे नदीकाठचा मत्ती. त्याची पाच पंखांची फळं हलकी असतात, पाण्यावर तरंगत जातात आणि कुठल्यातरी फटीत अडकून रुजतात. पावसाळ्यात मातीतून इफिजेनिया मैसूरेन्सिस नावाची नाजूक वनस्पती डोकं काढते. कळलावीच्या कुळातली ही वनस्पती तिच्या नावातच म्हैसूर बाळगून आहे. उरलेलं वर्ष ती जमिनीत कंदाच्या रूपात काढते, त्यामुळे बोटीतून फिरणाऱ्याला तिचा पत्ता लागत नाही.

प्राण्या-पक्ष्यांनीही अशीच उंची वाटून घेतली आहे. उघड्या माथ्यावर करवानक आणि नदी सुरय. सुरय हा पिवळ्या चोचीचा, काळ्या टोपीचा देखणा पक्षी. तोही अंडी उघड्यावरच घालतो. मार्च-एप्रिलच्या दुपारी दगड इतका तापतो, की अंडी उबवण्यापेक्षा ती शिजू न देणं हेच काम होऊन बसतं. मग सुरय नदीवर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतो आणि ओल्या अंगानं अंड्यांवर बसतो. त्याच खडकाच्या खालच्या अंगाला, पावसाचा थेंब पोचणार नाही अशा कपारीत, गळ्यावर रेघा असलेल्या भिंगऱ्यांनी चिखलाची घरटी एकमेकांना चिकटवून आख्खी चाळ उभारलेली असते. चिखल काठावरूनच आणायचा, चोचीत मावेल तेवढा.

झाडांच्या शेंड्यावर बड्या मंडळींची वस्ती. चित्रबलाक, ठिपकेवाले झोळीवाले, चमचे, काळ्या डोक्याचे शराटी, पाणकावळे, तिरंदाज, बगळे. डिसेंबर-जानेवारीपासून पावसाळा तोंडावर येईपर्यंत इथं गलका असतो आणि, खरं सांगायचं तर, वासही. पिल्लांचा मोसम पाणी आटण्याच्या मोसमाशी जुळलेला असतो. तळी, कालवे, भातखाचरं उथळ झाली की मासे थोड्या पाण्यात दाटतात. चमचा आणि चित्रबलाक हे मासे डोळ्यांपेक्षा चोचीच्या स्पर्शानं पकडतात, त्यामुळे दाटी त्यांच्या पथ्यावर पडते.

यात मुग्धबलाकाची चोच विशेष. मिटली तरी तिच्या मध्ये फट राहते. गोगलगायीचा शंख त्या फटीत धरून अडकित्त्यासारखा फोडायचा, असं पुष्कळ काळ मानलं जाई. ज्युलियन हक्सली यांच्यासारख्या नामवंत जीवशास्त्रज्ञानंही १९६० च्या सुमारास हाच निष्कर्ष काढला होता. पुढे प्रत्यक्ष निरीक्षणांतून वेगळंच दिसलं. पक्षी शंख फोडत नाहीच. चोचीचं टोक आत घालून तो गोगलगायीचा स्नायू सोडवतो आणि मांस अलगद ओढून घेतो, तेही बहुधा पाण्याखाली. लहान पिल्लांच्या चोचीत तर फट नसतेच.

एवढी घरटी काठावरच्या झाडांवर का नाहीत, बेटांवरच का? कारण वेढलेलं पाणी. कुत्री, कोल्हे, रानमांजरं पोहून येत नाहीत असं नाही, पण मधल्या पाण्यात मगरी आहेत. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत यावर चांगला अभ्यास झाला आहे. तिथले बगळे ॲलिगेटर असलेल्या जागा घरट्यांसाठी पसंत करतात, कारण अंडी चोरणारे रकून तिथं येत नाहीत. रखवालीचा मोबदला म्हणजे घरट्यातून खाली पडलेली पिल्लं. रंगनतिट्टूत मगरी झाडांखाली का रेंगाळतात हे मग वेगळं विचारावं लागत नाही. मगरीचा स्वतःचा संसारही पातळीवर अवलंबून. मादी उन्हाळ्याच्या तोंडाशी काठावर खड्डा खणून पंचवीस-तीस अंडी पुरते. पिल्लू नर होणार की मादी, हे त्या खड्ड्यातल्या तापमानावर ठरतं. दोन महिन्यांच्या आसपास ती अंडी जमिनीत असतात आणि तेवढा काळ तिथं पाणी शिरून चालत नाही.

पाणमांजरांचं तसं नाही. त्यांना पाणीही हवं आणि खडकही. खडकाच्या ठरावीक जागी ती विष्ठा टाकतात. माशांच्या खवल्यांनी भरलेला तो ढीग म्हणजे टोळीची नोटीस-पाटीच. झाडांवर दिवसा उलटी लटकलेली मोठी फळवटवाघळं पाहून मात्र हल्ली पर्यटक निपाहबद्दल विचारतात. प्रश्न गैर नाही, हा विषाणू फळवटवाघळांमध्ये आढळतो. पण बोटीतून त्यांना पाहण्यानं काही होत नाही. झाडाखाली पडलेलं, उष्टं फळ खाऊ नये आणि आजारी वा मेलेल्या वटवाघळाला हात लावू नये, एवढं पथ्य पुरे. रात्री हीच वटवाघळं उंबर-पिंपळाच्या बिया कोसभर लांब नेऊन टाकतात.

आता या सगळ्या उंचीचं माप कोणाच्या हातात आहे? बेटांच्या वरच्या अंगाला, थोड्याच अंतरावर कृष्णराजसागर धरण आहे. पुण्यात शिकलेले आणि मुंबई इलाख्यात नोकरी केलेले सर विश्वेश्वरय्या यांनी साकारलेलं हे धरण. त्याची पूर्ण पातळी १२४.८० फूट, साठा ४९ टीएमसीच्या वर. पाणी भातासाठी, उसासाठी, बंगळूरु आणि म्हैसूरच्या नळांसाठी, शिवाय तमिळनाडूच्या वाट्यासाठी. या वाटपात करवानकाचं नाव नाही. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात धरणातून प्रचंड विसर्ग झाला आणि अभयारण्यातल्या बोटी बंद ठेवाव्या लागल्या. अशा पुरात खडक टिकतो, पण फटीफटीतली माती वाहून जाते. माती गेली की अर्जुनाची मुळं उघडी पडतात आणि त्याच्यासह वरची घरटी. म्हणून वन खातं बेटांच्या कडेला वाळूच्या गोण्या रचून माती धरून ठेवतं. उपाय साधा आहे आणि पुन्हा पुन्हा करावा लागतो.

पूर दिसतो, त्याची बातमी होते. एप्रिलमध्ये पिकांसाठी सोडलेलं हातभर जादा पाणी कोणाला दिसत नाही. ते करवानकाच्या खडकावरून निमूट जातं. उलट २०२३ सारख्या अपुऱ्या पावसाच्या वर्षी धरणच भरत नाही. बेट आणि काठ यांच्यातला पाण्याचा पट्टा अरुंद होतो, मगरी खोल डोहांकडे सरकतात आणि गावातल्या कुत्र्यांना वाट सापडते. दोन्ही टोकांमधलं काही फुटांचं अंतर, तेवढ्यात इथली वीण पार पडायची असते.

धरणाची रोजची पातळी म्हैसूर-बंगळूरुची वर्तमानपत्रं छापतात. शेतकरी तो आकडा पाहतो आणि खाचरात पाणी कधी येईल याचा अंदाज बांधतो. रंगनतिट्टूचे नावाडी तोच आकडा पाहतात आणि उद्या कोणता खडक पाण्याबाहेर असेल ते सांगतात.