नखें काढलेलें मांजर

नखें कापणें आणि नखें काढणें हे शब्द ऐकावयास जवळचे वाटले, तरी त्या दोन क्रियांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. मांजराचें नख बोटाच्या अगदीं शेवटच्या हाडांतून उगवतें. तें पुन्हां उगवूं नये अशी इच्छा असल्यास नुसतें नख उपटून भागत नाहीं. तें हाडच सांध्यापासून छाटावें लागतें. मनुष्याच्या हाताशीं तुलना केली, तर प्रत्येक बोटाचें शेवटचें पेर तोडण्यासारखाच हा प्रकार होय. मांजराच्या पुढच्या प्रत्येक पायास ५ व मागच्या प्रत्येक पायास ४ बोटें असतात. तेव्हां पुढच्या दोन पायांचीं नखें काढलीं म्हणजे त्या लहानशा जिवाचीं १० पेरें जातात. चारहि पायांचीं काढल्यास हा आंकडा १८ वर पोहोंचतो.

ही शस्त्रक्रिया महाराष्ट्रांतील घरांना बहुतांशीं अपरिचित आहे. येथें वाघाची मावशी आपल्या नखांसह घरांत वावरते, आणि तिनें गादी ओरबाडली तर घरांतील मंडळी तिला हुसकावून मोकळी होतात. नखें काढण्याची चाल फोफावली ती मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व कॅनडांत. आणि तिचा हेतु बहुधा एवढाच, कीं खुर्च्या व पडदे फाटूं नयेत. आतां तेथेंहि लोकमत पालटत आहे. यूरोपांतील राष्ट्रांनीं १९८७ सालीं केलेल्या पाळीव प्राण्यांविषयींच्या करारांत ही शस्त्रक्रिया निषिद्ध ठरविण्यांत आली होती. अमेरिकेंत वेस्ट हॉलिवूड शहरानें २००३ सालीं तिच्यावर बंदी घातली. राज्यांपैकीं हें पाऊल प्रथम न्यूयॉर्कनें २०१९ सालीं उचललें, आणि पुढें २०२२ सालीं मेरीलँडनें व २०२४ सालीं व्हर्जिनियानें तोच मार्ग धरला. रोगामुळें नख काढणें अपरिहार्य झाल्यास मात्र हे कायदे आड येत नाहींत.

परंतु कायद्यानें गेलेलें पेर परत येत नाहीं. घरांत जपलेलें मांजर १५ वर्षें किंवा त्याहूनहि अधिक जगतें. त्यामुळें पूर्वीं नखें काढलेलीं मांजरें अमेरिकेंतील प्राण्यांच्या आश्रयगृहांत अद्यापि येत असतात. तेथें स्थायिक झालेलें एखादें मराठी कुटुंब मांजर आणावयास जातें, तेव्हां पिंजऱ्यावरील चिठ्ठीवर ‘पुढचीं नखें काढलेलीं’ हे शब्द त्याच्या दृष्टीस पडण्याचा संभव असतो. घरांत लहान मूल असेल, नवें सामान असेल, तर ही एक सोयच झाली असें प्रथमदर्शनीं वाटतें. येथेंच मोठी चूक होते. ते शब्द सोयीचे निदर्शक नसून एका जुन्या जखमेची नोंद आहेत.

ही जखम चालण्यांत उतरते. मांजर टांच टेकून चालत नाहीं. तें बोटांवर चालतें. बोटांचें टोंकच नाहींसें झालें म्हणजे अंगाचा भार निराळ्या जागीं पडतो, आणि त्याचा ताण पायांतून पाठीपर्यंत पोहोंचूं शकतो. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत २७४ मांजरें तपासण्यांत आलीं. त्यांतील निम्म्यांचीं नखें काढलेलीं होतीं. या निम्म्यांत पाठदुखी, पेटीबाहेर घाण करणें, चावणें आणि स्वतःचे केस चाटून चाटून विरळ करणें, या गोष्टी इतरांहून अधिक आढळल्या. शिवाय क्ष-किरणांच्या चित्रांत, नखें काढलेल्यांपैकीं शेंकडा ६३ मांजरांच्या बोटांत छाटलेल्या हाडाचे तुकडे राहून गेलेले दिसले. म्हणजे कित्येक मांजरें खडा रुतलेल्या जोड्यांतूनच जन्मभर चालत असतात म्हणावयाचें. अशीं सर्वच मांजरें दुःखी असतात असें मात्र नव्हे. पुष्कळशीं सुखानें नांदतात. तथापि दुःख असेल तर तें ओळखण्याची जबाबदारी घरच्या मंडळींवर येते, कारण मांजर आपली वेदना लपवितें. तें विव्हळत नाहीं. फक्त उंच उडी मारणें सोडतें, पंजा झटकतें, उभें असतां एक पाय अधांतरीं धरतें, किंवा पायाला हात लागतांच दूर सरतें.

म्हणून असें मांजर घरीं आणल्यावर पहिलें काम पशुवैद्याकडून त्याचे पंजे व पाठ तपासून घेण्याचें होय. बोटांत हाडाचा तुकडा राहिला असेल, किंवा नख आंतल्या आंत वेडेंवांकडें वाढून पू झाला असेल, तर क्ष-किरणांनीं तें समजतें, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेनें दुरुस्तहि करतां येतें. वेदनेवर मांजरांना मानवणारीं औषधें आहेत. पण तीं पशुवैद्यानेंच द्यावयाचीं. मनुष्याकरितां असलेली पॅरासिटॅमॉलची एक गोळीहि मांजराचा प्राण घेऊं शकते, हें कधींहि विसरूं नये.

दुसरी गोष्ट शौचाच्या पेटीची. मांजर स्वभावतःच स्वच्छ. तें माती उकरतें व झांकतें. परंतु दुखऱ्या पंजांना जाड, टोंचणारे खडे सहन होत नाहींत. पेटींत पाय ठेवतांच कळ येते असा अनुभव आला, कीं तें पेटी टाळतें व मऊ गालिचा किंवा अंथरूण शोधतें. यावर रागावणें व्यर्थ आहे. पेटींत बारीक, मऊ व निर्गंध वाळू घालावी, पेटी ऐसपैस व एका बाजूनें कमी उंचीची असावी, ती रोज साफ व्हावी, आणि मांजर एकच असलें तरी दोन ठिकाणीं दोन पेट्या ठेवाव्या. मळलेली जागा धुतांना अमोनियायुक्त द्रावण वापरूं नये. त्याच्या वासानें मांजर पुन्हां त्याच जागीं येण्याचा संभव असतो.

तिसरी गोष्ट चावण्याची. नखें असलेलें मांजर प्रथम पंजा मारून सूचना देतें. ज्याची ही सूचना हिरावून घेतली आहे, तें भय वाटल्यास दांतांवर येऊं शकतें. मांजराचे दांत बारीक पण खोल जातात. म्हणून चावा लागल्यास जखम साबण व वाहत्या पाण्यानें धुऊन डॉक्टरांना दाखवावी. चावा टाळण्याचा उपाय सोपा आहे: हातानें न खेळवितां काठीला बांधलेल्या दोरीनें खेळवावें, पंजे उगीच धरूं नयेत, तें दूर जाऊं पाहील तर जाऊं द्यावें, आणि मुलांना हाच नियम शिकवावा. नव्या घरांत पहिले कांहीं दिवस त्याला एका शांत खोलींत राहूं द्यावें. पळावयास व लपावयास जागा आहे हें कळलें म्हणजे त्याचें भय ओसरतें.

बाकीची व्यवस्था साधी आहे. असें मांजर मोकळें बाहेर सोडूं नये, कारण कुत्रा अंगावर आल्यास त्याला झाडाचा आश्रय घेणें कठीण जातें. आवडत्या खिडकीपर्यंत पायरी किंवा लहान चौरंग मांडावा. वजन बेताचें राखावें. मागच्या पायांचीं नखें शाबूत असल्यास त्यांचीं टोंकें वेळच्यावेळीं कापावीं. ओरबाडण्याचा खांब मात्र काढून टाकूं नये. नखें नसलीं तरी अंग ताणण्याची गरज व संवय कायम असते.

घाण करतें, चावतें, या तक्रारीवरून पुष्कळ मांजरें आश्रयगृहाकडे परत जातात, आणि एकदां असा शिक्का बसलेल्या प्राण्याला दुसरें घर मिळणें दुर्घट होतें. कांहीं ठिकाणीं त्याला प्राणासहि मुकावें लागतें. ज्या खोडीसाठीं त्याला घालवून देण्यांत येतें, ती पुष्कळदां त्याच्या दुखऱ्या पंजांतूनच निघालेली असते, आणि ते पंजे मनुष्याच्या सोयीकरितां दुखावलेले असतात. मऊ वाळू, पशुवैद्याची एक भेट व थोडा धीर एवढ्यानेंहि पुष्कळदां हा अनर्थ टळतो. चिठ्ठीवरील ते शब्द वाचून मागें फिरण्याचें कारण नाहीं. घरांत काय तयारी ठेवावयाची तें मात्र त्यांवरून आधींच ठरवावें.