न्यूमोनिया : तापाबरोबर श्वासही मोजा

न्यूमोनिया झाला म्हणजे ‘छातीत कफ भरला’ किंवा ‘थंडी बाधली’, असे आपण सर्रास म्हणतो. त्यामुळे घरच्यांचे लक्ष दोनच गोष्टींवर असते : खोकला किती आहे आणि ताप किती चढला आहे. ताप उतरला की आजार संपला असे समजून मुलाला शाळेत आणि मोठ्या माणसाला कामावर धाडले जाते. या आजारात शरीरात नेमके काय बिघडते ते समजून घेतले, तर एक तिसरी खूण ध्यानात येते. आजार ओळखण्यासाठी आणि पुढे रुग्ण कितपत सावरला हे पाहण्यासाठी ती फार उपयोगी पडते. ही खूण म्हणजे श्वास.

फुप्फुसात काय घडते?

श्वासनलिकेला फाटे फुटत फुटत शेवटी द्राक्षाच्या घोसासारखे बारीक फुगे लागतात. त्यांना वायुकोश म्हणतात. माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून 30 ते 50 कोटी वायुकोश असतात. ते सगळे उलगडून पसरले तर वर्गाची जमीन सहज झाकली जाईल. वायुकोशाची भिंत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असते आणि तिला बाहेरून केशवाहिन्यांनी वेढलेले असते. या भिंतीतून ऑक्सिजन रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो.

साध्या खोकल्यात कफ असतो तो नळ्यांमध्ये. न्यूमोनियात जंतू थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. हे जंतू जीवाणू असतील किंवा विषाणू; क्वचित बुरशीही असते. नेहमी आढळणारा जीवाणू म्हणजे न्यूमोकॉकस. 1881 साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी तो स्वतंत्रपणे शोधला. जंतूंशी लढायला शरीर पांढऱ्या पेशी पाठवते. केशवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि हवेची जागा पाणी व पू घेतात. फुप्फुसाच्या त्या भागातून रक्त वाहते, पण त्याला ऑक्सिजन मिळत नाही. फुप्फुस ताठरते, म्हणून खोल श्वास घेणे जड जाते. मग शरीर एकच उपाय करू शकते : उथळ, पण भरभर श्वास घेणे.

गडचिरोलीचा धडा

श्वासाची ही गती घड्याळ लावून मोजता येते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 1988 साली या साध्या गोष्टीचा आधार घेतला. 58 गावांत आरोग्यसेवक आणि सुईणी यांना मुलांचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला व प्रतिजैविक औषध द्यायला शिकवले गेले. ज्या सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी एक साधन तयार झाले : एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी ठरलेले मणी सरकून झाले तर न्यूमोनिया समजायचा.

या पाहणीचे निष्कर्ष 1990 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. उपचार मिळालेल्या मुलांमध्ये न्यूमोनियाने दगावण्याचे प्रमाण 0.8 टक्के होते. तुलनेसाठी निवडलेल्या भागात ते 13.5 टक्के होते. हा फरक वेळेवर ओळखण्याने आणि वेळेवर औषध दिल्याने पडला.

खोकला असलेल्या किंवा श्वासाला त्रास होणाऱ्या मुलासाठी आजही पुढील मर्यादा वापरतात. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष वयात 50 किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षे वयात 40 किंवा अधिक असतील, तर मुलाला लगेच डॉक्टरांकडे न्यावे. मूल शांत असताना, पूर्ण एक मिनिट मोजावे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, म्हणजे ज्याला आपण ‘पोट उडते’ म्हणतो ते, ओठ निळसर होणे, दूध-पाणी न घेणे, गुंगी किंवा झटके येणे ही गंभीर लक्षणे आहेत. अशा वेळी रुग्णालयच गाठावे. पोटावर डाग देण्यात वेळ तर जातोच, शिवाय बाळाला नवी जखम होते. वृद्धांमध्ये ताप नसूही शकतो. एकाएकी गोंधळून जाणे आणि धाप लागणे एवढेच दिसते.

ताप उतरल्यानंतर

औषध लागू पडले की जंतू मरतात, पण वायुकोशांत साचलेला राडा तसाच असतो. तो पेशींना हळूहळू साफ करावा लागतो. म्हणून बरे होण्याला टप्पे असतात. मोठ्या माणसांत सर्वसाधारणपणे ताप एका आठवड्यात जातो. छातीतले दुखणे आणि बेडका चार आठवड्यांत बरेच कमी होतात, खोकला आणि धाप सहा आठवड्यांत. तीन महिन्यांनी बहुतेक तक्रारी गेलेल्या असतात, तरी थकवा राहू शकतो. लहान मुले बहुधा याहून लवकर सावरतात.

या काळात काय करावे? डॉक्टरांनी सांगितलेले औषध सांगितले तितके दिवस घ्यावे. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये. विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत, म्हणून मागच्या वेळची उरलेली गोळी घेऊ नये. पाणी, पेज, वरणाचे पाणी थोडे थोडे पण वारंवार घ्यावे. सतत आडवे पडून न राहता उशीला टेकून बसावे, अधूनमधून खोल श्वास घ्यावा. खोकल्याने छाती साफ होते, तो मनाने औषध घेऊन दाबू नये. रोज थोडे चालावे आणि अंतर हळूहळू वाढवावे. बोलताना धाप लागली तर थांबावे. विडी-सिगारेट, चूल आणि उदबत्ती यांचा धूर टाळावा.

ताप परत आला, धाप वाढली किंवा थुंकीतून रक्त पडले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सहा आठवड्यांनंतरही तक्रारी तशाच असतील तर पुन्हा तपासणी हवी. दोन आठवड्यांपुढे टिकलेला खोकला आणि त्याबरोबर घटणारे वजन किंवा रात्रीचा घाम असेल, तर क्षयासाठी थुंकी तपासून घ्यावी.

वर्गात

2019 साली जगात पाच वर्षांखालील 7 लाखांहून अधिक मुले न्यूमोनियाने गेली. न्यूमोकॉकसविरोधी लस 2017 पासून टप्प्याटप्प्याने आपल्या सार्वत्रिक लसीकरणात आली आणि 2021 मध्ये ती देशभर मिळू लागली. सहावा आठवडा, चौदावा आठवडा आणि नववा महिना या वेळी ती सरकारी केंद्रांत मोफत देतात. विद्यार्थ्यांना आपल्या लहान भावंडांचे लसीकरण कार्ड पाहायला सांगता येईल.

श्वास मोजण्याचा प्रयोग तर कोणत्याही वर्गात होतो. जोड्या करून एकाने शांत बसावे आणि दुसऱ्याने त्याच्या छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. मग दोन मिनिटे जागच्या जागी धावून पुन्हा मोजावे आणि श्वास पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो त्याचा आलेख काढावा. आजारातून उठलेल्या विद्यार्थ्याला या प्रयोगात धावायला लावू नये, त्याच्याकडे घड्याळ द्यावे. कवायतीतून आणि शर्यतीतून त्याला किती दिवस सूट द्यायची, हे तारखेवरून न ठरवता जिना चढल्यावर त्याचा श्वास कसा चालतो ते पाहून आणि डॉक्टरांना विचारून ठरवावे.