दुसऱ्या फेरीचे हसू : ‘नवरा माझा नवसाचा २’ला मिळालेला संमिश्र प्रतिसाद आणि मालवण किनाऱ्याची नाट्यपरंपरा

प्रास्ताविक

गणेशचतुर्थीच्या दिवसांत तारकर्लीसारख्या किनाऱ्यावरील गावातील घरे माणसांनी भरून जातात. मुंबईचे चाकरमानी सहकुटुंब गावी येतात. आरती, भजन, फुगड्या आटोपल्यावर उरलेला वेळ ओटीवरच्या गजालीत किंवा दूरचित्रवाणीसमोर जातो. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांनी एकत्र बसून संकोच न बाळगता पाहावेत असे मराठी चित्रपट फार नाहीत. जे आहेत त्यांत सचिन पिळगांवकर दिग्दर्शित ‘नवरा माझा नवसाचा’ (२००४) या चित्रपटाचा समावेश करावा लागतो. गणपतीपुळ्याला निघालेली एसटी, नवसाचे ओझे घेऊन तीत बसलेले जोडपे आणि अशोक सराफ यांनी साकारलेला कंडक्टर हे या चित्रपटाचे घटक वारंवारच्या प्रक्षेपणामुळे मराठी घरांच्या परिचयाचे झाले आहेत.

याच चित्रपटाचा दुसरा भाग २० सप्टेंबर २०२४ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या तीनच दिवस आधी, १७ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी होऊन गेली होती व कोकणातले चाकरमानी बहुतांशी परतले होते. योगायोगाने तो दिवस राष्ट्रीय चित्रपट दिनाचाही होता आणि देशातील अनेक चित्रपटगृहांत तिकीट ९९ रुपयांना उपलब्ध होते. चित्रपटाने चांगला व्यवसाय केला. मात्र उत्पन्नाच्या बाबतीत दिसलेले एकमत अभिप्रायांच्या बाबतीत दिसले नाही. एका वर्गाला जुन्या कलावंतांची पुनर्भेट सुखावून गेली, तर दुसऱ्या वर्गाला हा सारा खटाटोप जुन्या पुण्याईवर चाललेला वाटला. विशेष म्हणजे हे दोन वर्ग नेहमीच वेगवेगळे नव्हते. चित्रपटगृहात मनमुराद हसलेलाच प्रेक्षक बाहेर आल्यावर ‘पहिल्याची सर नाही’ असा निर्वाळा देत होता. या विसंगतीचा उलगडा करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

एसटी आणि नवस

पहिल्या चित्रपटाची रचना मुळात नवी नव्हती. बसमधील प्रवाशांच्या स्वभाववैचित्र्यावर उभारलेला ‘बॉम्बे टू गोवा’ हा हिंदी चित्रपट १९७२ मध्ये येऊन गेला होता आणि तोही १९६६ च्या ‘मद्रास टू पाँडिचेरी’ या तमिळ चित्रपटावर आधारलेला होता. तरीही मराठी प्रेक्षकाला २००४ मधील बस आपली वाटली, याचे श्रेय दोन गोष्टींना द्यावे लागते. एक एसटी आणि दुसरी नवस.

महाराष्ट्रात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. त्यानंतर तिने केवळ माणसे वाहून नेली नाहीत. कोकणात रात्रीची शेवटची गाडी गावातच मुक्कामाला राहते. तिला वस्तीची गाडी म्हणतात. तिचे चालक-वाहक गावातच निजतात आणि पहाटे पहिल्या फेरीला गाडी काढतात. अशा वाहकाला कोणाच्या घरी कोण आजारी आहे, कोणाचा मुलगा मुंबईहून यायचा आहे, हे ठाऊक असते. औषधाची पुडी, निरोप, आंब्याची पेटी यांची ने-आण त्याच्या भरवशावर चालते. म्हणून या भागात कंडक्टर हा प्रवासाचा एक प्रकारे यजमान ठरतो. तो घंटीची दोरी ओढून गाडी थांबवू शकतो, भांडण सोडवू शकतो, प्रसंगी स्वतःच भांडण लावू शकतो. अशोक सराफ यांच्या भूमिकेचे बळ त्यांच्या अभिनयात होतेच, पण या सामाजिक स्थानातही होते.

नवसाचे तसेच. वडिलांनी मुलाच्या वतीने बोललेला, आणि तोही मुलाने नग्नावस्थेत देवदर्शन घेण्याचा, हा प्रकार शहरी प्रेक्षकाला निव्वळ अतिशयोक्ती वाटेल. मालवण तालुक्यातील माणसाला त्यातील केवळ अट अतिशयोक्त वाटते, बंधन नव्हे. मसुरे येथील आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा पंचांगातील ठरावीक तिथीला होत नाही. देवीचा कौल घेऊन तिचा दिवस ठरतो आणि तो जाहीर झाला की मुंबईतून गाड्या सुटू लागतात. बोललेला नवस फेडायचा राहिला तर तो पुढील पिढीच्या डोक्यावर राहतो, ही समजूत येथे अद्याप जिवंत आहे. त्यामुळे पहिल्या चित्रपटातील नायकाची टाळाटाळ हास्यास्पद असली तरी तिच्यामागचा ताण खरा होता. विनोदाला असा खरा ताण मिळणे ही भाग्याची गोष्ट असते.

बसमधून रेल्वेत

दुसऱ्या भागात एसटीची जागा कोकण रेल्वेने घेतली आणि अशोक सराफ कंडक्टरऐवजी तिकीट तपासनीस झाले. कथेत मुलगी आणि तिचा जोडीदार यांची पिढी पुढे आली. त्या भूमिका हेमल इंगळे आणि स्वप्नील जोशी यांनी केल्या. हा बदल कालोचित होता. रोहा ते ठोकूर अशी ७४१ किलोमीटरची कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि चाकरमान्याच्या प्रवासाचे स्वरूप तिने पालटून टाकले. गणपतीला गावी जाणे म्हणजे आरक्षण मिळवणे, असे समीकरण गेल्या पाव शतकात तयार झाले आहे. तेव्हा वीस वर्षांनंतरची कथा रेल्वेत घडावी, यात गैर काही नाही.

परंतु वाहन बदलले की विनोदाचे यंत्रही बदलते, याचा पुरेसा विचार झालेला दिसत नाही. बस ही एकच खोली असते. तीत एकाचे बोलणे सर्वांना ऐकू जाते, एकाची फजिती सर्वांसमोर होते. ती कोठेही थांबते, चहासाठी, पंक्चरसाठी, कोणाला मळमळले म्हणून. प्रत्येक थांब्याला नवा प्रसंग जन्माला येतो. रेल्वेची गोष्ट निराळी आहे. डबे वेगळे, थांबे वेळापत्रकाने बांधलेले, आणि माणसे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात पांगलेली. कंडक्टर मुंबईपासून गणपतीपुळ्यापर्यंत प्रवाशांबरोबर असतो. तिकीट तपासनीस येतो, तिकीट पाहतो आणि पुढच्या डब्यात जातो. पहिल्या चित्रपटात जे पात्र कथेच्या मध्यभागी आपोआप बसले होते, त्याला दुसऱ्या भागात मध्यभागी ठेवण्यासाठी पटकथेला श्रम घ्यावे लागतात. चित्रपट लांबल्याची आणि विस्कळीत झाल्याची जी तक्रार ऐकू आली, तिचे मूळ बरेचसे येथे आहे. प्रेक्षक ‘आधीसारखी मजा नाही’ एवढेच म्हणतो. त्याने कारणमीमांसा करावी अशी अपेक्षाही नसते.

‘दे धक्का’च्या बाबतीत काहीसे असेच घडले. २००८ च्या चित्रपटाचे नावच मुळी ढकलाव्या लागणाऱ्या खिळखिळ्या गाडीवरून आले होते. गरिबीमुळे एका वाहनात कोंबलेले कुटुंब हा त्या विनोदाचा पाया होता. २०२२ मधील दुसऱ्या भागात ते कुटुंब लंडनला गेले आणि तो पायाच सुटला.

पुनरावृत्तीचा प्रश्न

येथे एक आक्षेप संभवतो. पुनरावृत्ती हाच दोष असेल तर मालवण किनाऱ्यावरील प्रेक्षकाने दशावतार कधीच नाकारायला हवा होता. कार्तिकापासून पुढे गावोगावच्या जत्रांत दशावतारी मंडळी रात्रभर नाटक करतात. पूर्वरंगात गणपती, सरस्वती, भटजी येतात आणि त्यानंतर संकासुर येतो. काळ्या पोशाखातील हा वेदचोर राक्षस मालवणीत बोलून प्रेक्षकांना हसवतो आणि अखेरीस विष्णूच्या हातून मारला जातो. संकासुराचा वध होणार, हे मांडवातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. पुढील आख्यानही पुराणातले, म्हणजे परिचितच. तरीही माणसे थंडीत गोधड्या पांघरून पहाटेपर्यंत बसतात.

याचे कारण दशावताराच्या घडणीत आहे. आख्यान ठरलेले असते, संवाद ठरलेले नसतात. लिखित संहिता नसल्याने नट उभ्याउभ्या बोलतो. त्या गावची पाणीटंचाई, सरपंचाची निवडणूक, समोर बसलेला ओळखीचा माणूस हे सारे संकासुराच्या तोंडी येऊ शकते. पायपेटी आणि मृदंगाची साथही त्याच्या बोलण्याच्या ओघाने चालते. सांगाडा जुना आणि शब्द ताजे, अशी ही पुनरावृत्ती आहे. चित्रपटाच्या दुसऱ्या भागात बहुधा याच्या उलट घडते. कथानक नवे रचण्याची धडपड असते आणि लोकप्रिय झालेले जुने शब्द, लकबी, प्रसंग मात्र जसेच्या तसे राखले जातात. फ्रेंच तत्त्वचिंतक आंरी बर्गसाँ यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या हास्यविषयक ग्रंथात पुनरावृत्तीला विनोदनिर्मितीचे एक प्रमुख साधन मानले आहे. परंतु एकाच कलाकृतीच्या आत परत येणारे वाक्य आणि वीस वर्षांच्या अंतराने परत आणलेले वाक्य यांत फरक केला पाहिजे. पहिले ऐकून हसू फुटते. दुसरे ऐकून आठवण येते, आणि आठवणीलाच काही काळ हसू समजले जाते. चित्रपटगृहातील टाळ्या आणि बाहेर आल्यानंतरची नाराजी यांचा मेळ असा लागतो.

आठवण ही कमी प्रतीची गोष्ट आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. २०२४ पर्यंत पहिल्या चित्रपटातील काही चेहरे काळाआड गेले होते. प्रदीप पटवर्धन यांचे २०२२ मध्ये निधन झाले. अशोक सराफ यांना त्याच वर्षी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, महाराष्ट्रभूषण पुरस्कार प्रदान झाला होता. पंचाहत्तरी ओलांडलेला हा नट पडद्यावर येताच जो प्रतिसाद मिळतो, तो त्या दृश्यातील विनोदाला नसतो. पन्नास वर्षांच्या सहवासाला तो असतो. ‘झपाटलेला २’ (२०१३) च्या वेळी हा सहवासच तुटलेला होता. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्ये गेले होते, आणि त्रिमितीचे तंत्र त्यांची उणीव भरून काढू शकले नाही. या उलट ‘मुंबई-पुणे-मुंबई’ची २०१०, २०१५ आणि २०१८ मधील तीन रूपे पाहावीत. तेथे भेट, लग्न, अपत्य असे आयुष्य पुढे सरकत गेले, म्हणून प्रत्येक वेळी तेच दोघे दिसूनही तेच ते वाटले नाही.

‘वस्त्रहरण’चा दाखला

किनाऱ्यावरचाच आणखी एक दाखला येथे उपयुक्त ठरेल. मालवणजवळच्या रेवंडी गावचे मच्छिंद्र कांबळी यांनी गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये रंगभूमीवर आणले. गावच्या हौशी मंडळींनी द्रौपदीवस्त्रहरणाचे नाटक बसवताना उडवलेला गोंधळ हा त्याचा विषय. आरंभी या नाटकाला प्रेक्षक मिळेना. पु. ल. देशपांडे यांनी त्याचे मनःपूर्वक कौतुक केल्यानंतर चित्र पालटले आणि पुढे त्याचे हजारो प्रयोग झाले. कांबळी यांचे २००७ मध्ये निधन झाल्यावरही इतर नटांनी त्यांची तात्या सरपंचाची भूमिका केली. तेव्हाही तुलना झालीच आणि ‘बाबूजींची सर नाही’ असे उद्गार निघाले. मराठी प्रेक्षकांत बाबूजी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कांबळींची जागा रिकामी राहिली, पण नाटक राहिले. प्रयोगागणिक एखादी नवी कोपरखळी घालण्याची मुभा त्याच्या रचनेतच होती. छापील फिल्मला ती मुभा नसते. म्हणून चित्रपटाच्या दुसऱ्या भागाने ती पटकथेच्या टप्प्यावरच मिळवावी लागते.

आता नव्या पिढीचा विचार करू. २००४ नंतर जन्मलेल्या प्रेक्षकाकडे पहिल्या चित्रपटाची ती कौटुंबिक आठवण एक तर नाही किंवा उसनी आहे. त्याला गावचा रस्ता म्हणजे रुळांचाच ठाऊक आहे. एकशेवीस दिवस आधी, आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी, आरक्षण उघडताच काही मिनिटांत संपणारी गणपतीची तिकिटे, प्रतीक्षायादी, दाराशी बसून काढलेली रात्र, हे त्याचे अनुभव आहेत. त्यांत विनोदाची सामग्री भरपूर आहे आणि ती ‘बॉम्बे टू गोवा’पासून चालत आलेल्या बसच्या साच्यात मावणारी नाही. या प्रेक्षकाला दुसऱ्या भागात अशोक सराफ आवडले, पण तो तपासनीस त्याला गाडीत कधी भेटलेला नाही. कुडाळ स्थानकावर उतरून त्याला तारकर्ली गाठायची असते. मालवणपर्यंत रेल्वे जात नाही. स्थानकाबाहेर येऊन तो पिशव्या सावरत एसटीतच चढतो, आणि तेथे कंडक्टर त्याला, कोणाचा रे तू, असे विचारतो.