मीटरभर खडकात दोन सेंटिमीटर पाणी

आजची गरज भागवताना पुढच्या पिढ्यांच्या गरजेवर घाला घालायचा नाही, अशी शाश्वत विकासाची व्याख्या 1987च्या ब्रुंटलँड अहवालाने केली. ती लगेच पटते. पण पुढच्यांसाठी उरलं किती, हे मोजायचं कसं? अर्थशास्त्रज्ञ हर्मन डेली यांनी त्याला हिशेबाचं रूप दिलं: जी संपत्ती पुन्हा भरून येते, ती भरते त्याहून वेगाने उपसायची नाही.

भूजलाच्या बाबतीत हा हिशेब खरोखर मांडता येतो. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. कठड्यावरून पाण्यापर्यंत टेप सोडायची, आकड्यातून कठड्याची उंची वजा करायची, की पाणी जमिनीखाली किती खोल ते कळतं. मे आणि ऑक्टोबरमधला फरक ही पावसाने घातलेली भर.

समजा, पाणी पाच मीटर वर आलं. विहीर तुडुंब दिसते. पण विहीर पोकळ असते, भोवतालचा खडक नव्हे. आपल्या काळ्या पाषाणात पाणी मुरतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत. अशा थरातून उपसता येणारं पाणी जेमतेम 2 टक्के धरतात. म्हणजे मीटरभर चढलेल्या पातळीत खरं पाणी 2 सेंटिमीटर. पाच मीटरची भर म्हणजे 100 मिलिमीटर, हेक्टरी 10 लाख लिटर.

उसाला वर्षाला किमान 1500 मिलिमीटर पाणी लागतं. पाऊस 400 मिलिमीटरचा असेल आणि तो सगळा पिकालाच मिळाला असं धरलं, तरी 1100 कमी पडतात. एक हेक्टर ऊस अकरा हेक्टरांखालची वर्षाची भर पिऊन टाकतो. ऊस विकला की जिल्ह्याचं उत्पन्न वाढलेलं दिसतं. खचलेली पातळी त्यातून कुणी वजा करत नाही. विकासाच्या मोजमापातली ही चूक मला सर्वांत घातक वाटते.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने ती दुरुस्त केली. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तिथे पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि कुठली पिकं घ्यायची ते त्यावर ठरतं. ऊस आणि केळीला बंदी, शेतीसाठी बोअर घ्यायलाही बंदी. विहिरींची नोंद प्रत्येक गावच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचली गेली पाहिजे, आणि तीही रब्बीत कांदा लावायचा की ज्वारी पेरायची हे ठरायच्या आधी.