नकाशाच्या कोपऱ्यातलं आडनाव

एडिंबरोच्या बार्थोलोम्यू घराण्याच्या नकाशाधंद्याचं स्थापनावर्ष १८२६. त्या हिशेबाने २०२६ हे द्विशताब्दीचं वर्ष, पण सोहळा करायला घरातलं कोणी धंद्यात उरलेलं नाही. १५४ वर्षं टिकलेली मालकी १९८० मध्ये सुटली. त्या काळच्या व्यवस्थापन-पंडितांनी याचा अर्थ एका वाक्यात लावला असता: घरगुती धंद्याची मुदत संपली, आता व्यावसायिकांना काम करू द्या. ऐंशीच्या दशकात हे वाक्य मंत्रासारखं म्हटलं जायचं आणि आपल्याकडेही त्याचे पुजारी कमी नव्हते. ते निदान चुकीचं होतं, असं आता ठामपणे म्हणता येतं. नकाशा छापून संपत नाही. रस्ते, सीमा, नावं बदलत राहतात, आणि खरा खर्च असतो तो पुढची तीस-चाळीस वर्षं दुरुस्त्या करत राहण्याचा. एवढा धीर धरायला चुकीची लाज स्वतःला वाटणारं कोणीतरी लागतं. घराणं ती सोय आपोआप करत होतं.

पहिल्या साठेक वर्षांचा इतिहास म्हणजे मुख्यतः दुसऱ्यांसाठी तांब्याचे पत्रे कोरण्याचा. घराण्याला स्वतःची ओळख मिळाली ती जॉन जॉर्ज बार्थोलोम्यू यांच्या काळात. सखल जमीन हिरवी, डोंगर तपकिरी, अशा उंचीनुसार बदलणाऱ्या रंगांच्या थरांमुळे त्यांचे अर्धा इंच म्हणजे एक मैल या प्रमाणाचे नकाशे घरोघरी पोचले. सायकलस्वारांच्या संघटनेचे सदस्य रस्त्यांवरच्या चुका कळवत आणि पुढच्या आवृत्तीत त्या दुरुस्त होत. आपलाही या घराण्याशी संबंध आला. १८९३चा ‘कॉन्स्टेबल्स हँड अ‍ॅटलास ऑफ इंडिया’ आणि १९०९चा इंपीरियल गॅझेटियरचा नकाशाखंड, दोन्हींचे नकाशे जॉन जॉर्ज यांच्याकडचे. त्यांचे पुत्र जॉन यांनी १९५५ ते १९५९ या काळात ‘टाइम्स अ‍ॅटलास’चे पाच खंड काढले. १९६२ मध्ये ते गेले आणि धंदा जॉन क्रिस्टोफर, पीटर व रॉबर्ट या तीन भावांकडे आला. नकाशांचं संपादन, कारभार आणि उत्पादन अशी कामं त्यांनी वाटून घेतली. भावांच्या वाटण्यांनी धंदे बुडतात, हा आपला नेहमीचा अनुभव. इथे वाटणी कामाची झाली, म्हणून १९६७ मध्ये तोच अ‍ॅटलास एका खंडात आणण्याइतकं बळ राहिलं.

मग दुखरं दशक. ब्रिटनच्या सरकारी सर्वेक्षण खात्याने १९७४ पासून १:५०,०००चे नकाशे आणले. भावांनीही १९७५ पासून आपली मालिका मेट्रिक, म्हणजे १:१,००,०००च्या प्रमाणावर नेली. मालिकेचं प्रमाण बदलायचं तर पत्रकामागून पत्रक नव्याने बांधावं लागतं, आणि अशा कामाचा पैसा सावकाश परत येतो. १९८० मध्ये रीडर्स डायजेस्टने कंपनी घेतली, १९८५ मध्ये ती न्यूज इंटरनॅशनलकडे गेली आणि दशक संपता संपता हार्परकॉलिन्समध्ये विरली. १९९५ मध्ये कंपनीची एडिंबरोतल्या डंकन स्ट्रीटवरची जुनी वास्तूही सुटली. एका दशकात तीन घरं बदलणाऱ्या धंद्यात चाळीस वर्षांच्या दुरुस्तीचा विचार कोण करणार?

आक्षेप येईल की कंपनी विकली ती भावांनीच, आणि ‘टाइम्स अ‍ॅटलास’ अजून निघतोच. दोन्ही खरं आहे. घराण्यात जन्मल्याने भांडवल जन्मत नाही. शिवाय हे घराणं आयुष्यभर सरकारी सर्वेक्षणाच्या पायावर उभं राहिलं, तेव्हा त्याच्या स्वावलंबनाचे पोवाडे गाऊ नयेत. पण २०११ची गोष्ट आठवावी. याच अ‍ॅटलासच्या नव्या आवृत्तीच्या प्रसिद्धिपत्रकात १९९९ पासून ग्रीनलँडचं १५ टक्के हिमाच्छादन नाहीसं झाल्याचा दावा होता. केंब्रिजच्या ध्रुवसंशोधकांनी तो खोडून काढला. प्रकाशकाला दावा मागे घ्यावा लागला आणि ग्रीनलँडचा सुधारित नकाशा वेगळा द्यावा लागला. चूक घराण्याच्या काळातही झाली असती. पण तेव्हा प्रसिद्धीची भाषा आणि संपादकाचं नाव एकाच छताखाली, बहुधा एकाच जेवणाच्या टेबलावर असत. नकाशात काय आहे ते नीट न कळलेला विभाग जगाला आकडा सांगायला पुढे होण्याची शक्यता कमी होती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आज नकाशा फुकट आहे, क्षणाक्षणाला सुधारतो आणि चूक कोणीही कळवू शकतो. सायकलस्वारांचंच काम आता कोट्यवधी लोक करतात. मात्र त्या सायकलस्वारांच्या पत्रावर निर्णय घेणारा माणूस कोण, हे नकाशाच्या कोपऱ्यात छापलेलं असे. आज गावाचं नाव विचित्र रूपात उमटतं, वहिवाटीची वाट गायब होते, आणि तक्रार एका बटणापाशी संपते. म्हणून मागणी घराणी परत आणण्याची नाही. वारसा हक्काने संपादक नेमणं तसंही हास्यास्पद आहे. मागणी एवढीच की सार्वजनिक वापराच्या प्रत्येक नकाशामागे नाव असलेला, उत्तर द्यायला बांधील संपादक असावा आणि त्याला दुरुस्तीसाठी दशकांची मुदत मिळावी. बार्थोलोम्यूंनी हे काम आडनावाच्या जोरावर केलं. आपल्याला ते नियमाने करून घ्यावं लागेल.