धानाच्या भावाआडचे बोलणे

गौरी देशपांडे हे नाव घेतले की मराठी वाचकाला त्यांच्या कादंबरिका आठवतात. ‘एकेक पान गळावया’ (१९८०), ‘तेरुओ’, ‘थांग’ यांतल्या त्यांच्या नायिका स्वतःच्या मनाशी आणि जगाशी मोकळेपणी वाद घालतात. महर्षी कर्व्यांची ही नात, इरावती कर्व्यांची लेक. ‘अरेबियन नाइट्स’चे सोळा खंड तिने मराठीत आणले. पण त्याआधी ती कवयित्री होती आणि कविता लिहिली ती इंग्रजीत, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

‘बिट्वीन बर्थ्‌स’ (१९६८), ‘लॉस्ट लव्ह’ (१९७०) आणि ‘बियाँड द स्लॉटरहाउस’ (१९७२) हे त्यांचे तीन संग्रह. इंग्रजीत असल्याने ते मराठी घरांत फारसे पोचले नाहीत. इंग्रजीच्या अभ्यासकांना मराठीतल्या गौरीबाई अपरिचित, तर मराठी समीक्षेने कविता बाजूला ठेवली. एकाच लेखिकेची अशी दोन दप्तरे झाली.

त्यांची बहुधा सर्वांत परिचित कविता म्हणजे ‘द फीमेल ऑफ द स्पीशीज’. हे शीर्षक किपलिंगच्या १९११ सालच्या कवितेचे. किपलिंगने स्त्रीजातीचा उग्रपणा रंगवला होता. गौरीबाईंनी त्याच मथळ्याखाली दोन बायकांना चहा घेत बसवले. प्रेम, निराशा, मुलांचा कृतघ्नपणा यांबद्दल बोलावेसे वाटते, तेव्हा पुरुष उपयोगी पडत नाही. आई, बहीण किंवा शाळेपासूनची मैत्रीणच लागते. प्रत्यक्षात बोलणे निघते ते तांदळाच्या दराचे, चहाच्या किमतीचे. तरी कशाबद्दल बोललो, ते दोघींनाही कळलेले असते.

ही कविता इंग्रजीत असली, तरी तिच्यातला प्रसंग परका नाही. आमच्या सिंदेवाहीकडे रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकलेल्या बाया धानाच्या भावाविषयी, मजुरीविषयी बोलत असतात. ऐकणाऱ्याला तो हिशेब वाटतो. पण लेकीचे सासर, नवऱ्याचे व्यसन, शहरात गेलेला आणि निरोप न पाठवणारा मुलगा, हे सारे त्या हिशेबातच येऊन जाते. दोघींपैकी एक मध्येच गप्प होते आणि दुसरी विषय न बदलता आवाज थोडा खाली आणते.

कवितेत एक उणीवही आहे. शेवटी कवयित्री त्या बोलण्याचा खरा अर्थ स्वतःच उघड करून सांगते. तो वाचकावर सोपवता आला असता. मात्र हीच स्पष्ट सांगण्याची ओढ पुढे कादंबरिकेत तिचे बळ ठरली. कवितेतल्या बायका भावाच्या आडोशाने बोलतात. गद्यातल्या नायिका तो आडोसा दूर सारतात. ‘कारावासातून पत्रे’ या शीर्षकातच कोंडलेपण आणि ते कुणाला तरी कळवण्याची निकड दोन्ही आहेत. म्हणून या कवितांकडे उमेदवारीचे लेखन म्हणून पाहणे बरोबर नाही. नायिकांना एवढे मोकळे बोलावेसे का वाटले, याचे उत्तर त्यांत आहे.

गौरीबाई १ मार्च २००३ रोजी गेल्या. त्यांच्या कादंबरिका घरोघरी आहेत. त्यांच्याशेजारी या कवितांचा एखादा चांगला मराठी अनुवाद असायला हवा. ज्या बायकांचे बोलणे त्यात आहे, त्यांना तो आपल्या भाषेत वाचता आला पाहिजे.