सेल्फ फिरतो, पण गाडी चालू होत नाही?

तायांनो, गाडीसाठी कर्ज गटातून घेतलं जातं, हप्ता तुमच्या नावावर असतो. आणि गाडी बिघडली की "तुला काय कळतंय" म्हणून तुम्हालाच बाजूला करतात. मेकॅनिक शहाद्याहून घाट चढून येणार, त्याचं येण्या-जाण्याचं भाडं वेगळंच. म्हणून एवढं तरी आपल्याला माहीत हवं.

आधी कानाने ऐका. चावी फिरवल्यावर नुसतं 'टक' वाजलं किंवा इंजिन रडत रडत फिरलं, तर बॅटरी उतरलीय किंवा तिची वायर ढिली आहे. पण इंजिन जोरात फिरतंय आणि तरी पेट घेत नाही, तर बॅटरी आणि सेल्फ बहुतेक ठीक आहेत. मग नवी बॅटरी घ्यायची घाई कशाला? धक्का मारूनही उपयोग नाही, कारण धक्का सेल्फचंच काम करतो.

आपल्याकडच्या जीप, पिकअप बहुतेक डिझेलच्या. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतो. हवा दाबली की ती तापते आणि त्यात डिझेल पेटतं. म्हणून एकीने सेल्फ मारायचा आणि दुसरीने सायलेन्सरकडे बघायचं. धूर अजिबात नाही, तर डिझेल इंजिनपर्यंत पोचतच नाही. पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास आला, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही.

धूर नसेल तर आधी टाकी बघा. हसू नका, काटा खोटं दाखवतो. चढावर उभ्या गाडीत थोडंसं डिझेल टाकीच्या एका बाजूला जातं, पाइपला मिळतच नाही. टाकी एकदा पूर्ण कोरडी झाली की नळीत हवा शिरते, ड्रायव्हर म्हणतात 'एअर घेतली'. डिझेल भरा, फिल्टरजवळ हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. कॅनमध्ये साठवलेलं डिझेल असेल तर फिल्टरमध्ये पाणी साचलेलं असू शकतं. इंजेक्टरच्या बारीक लोखंडी नळ्या मात्र कुणी सोडू नका. नव्या गाड्यांत तिथे एवढा दाब असतो की डिझेलची धार कातडीत घुसते.

पांढरा धूर आणि थंडीची सकाळ असेल, तर हीटरवर संशय घ्या. तोरणमाळ ११०० मीटरच्या वर, इथली थंडी तुम्हाला सांगायला नको. चावी अर्धी फिरवा, पिवळा वेटोळ्याचा दिवा विझू द्या, मगच सेल्फ मारा.

चावीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकत असेल, तर गाडी चावी ओळखत नाहीये. दुसरी चावी लावून बघा.

सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. नाहीतर चांगली बॅटरीही उतरेल. उतारावर चाकाला दगड लावल्याशिवाय पुढे वाकू नका.

गाडीत बाळंतीण किंवा आजारी माणूस असेल, तर हे काही करत बसू नका, आधी १०८ लावा.

मेकॅनिकला फोन कराल तेव्हा "गाडी बंद पडली" एवढंच सांगू नका. सेल्फ जोरात फिरतो का, धूर येतो का, डिझेल कधी भरलं, हे सांगा. म्हणजे तो फिल्टर सोबत घेऊनच निघेल, दुसरी फेरी पडणार नाही.